रंग जिथे क्रियापद होतात : कोरियन रंगशब्दांची घडण

मूळचे कोरियन असलेले आणि रंग दाखवण्याखेरीज दुसरे काम नसलेले शब्द कोरियन भाषेत पाचच रंगांना आहेत : पांढऱ्यासाठी 'हायाथा', काळ्यासाठी 'क्कामाथा', तांबड्यासाठी 'प्पालगाथा', निळ्यासाठी 'फाराथा' आणि पिवळ्यासाठी 'नोराथा'. हिरवा, जांभळा, नारिंगी, गुलाबी, करडा, तपकिरी हे बाकीचे रंग चिनी मुळाच्या शब्दांनी, एखाद्या वस्तूच्या नावाने किंवा अलीकडे इंग्रजीतून आलेल्या शब्दांनी सांगितले जातात. नवशिक्यांच्या पुस्तकांत मात्र सगळे रंग एकाच तक्त्यात ओळीने मांडलेले असतात, आणि त्यामुळे या पाच शब्दांची जात इतरांहून वेगळी आहे हे शिकणाऱ्याच्या फार उशिरा ध्यानात येते. हे पाच शब्द क्रियापदांसारखे चालतात. त्यांना काळाचे आणि आदराचे प्रत्यय लागतात, आणि त्यांच्या पोटातला स्वर पालटला की रंगाची छटा आणि बोलणाऱ्याच्या मनातला भाव दोन्ही पालटतात. पिवळाधम्मक आणि पिवळट यांतला फरक ज्याच्या कानाला उपजत कळतो, त्या मराठी माणसाला कोरियन रंगशब्दांचा हा भाग अवघड वाटण्याचे कारण नाही; किंबहुना या एका बाबतीत त्याची मातृभाषा त्याला इंग्रजीपेक्षा कितीतरी अधिक उपयोगी पडते.

पुढे जाण्यापूर्वी लिपीविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. या लेखात कोरियन शब्द उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत. कोरियनमध्ये 'प', 'क', 'त' यांसारख्या ध्वनींचे प्रत्येकी तीन प्रकार असतात : साधा, ताठ आणि महाप्राण. ताठ प्रकार येथे जोडाक्षराने दाखवला आहे (प्प, क्क), परंतु त्याचा अर्थ दोन वेळा उच्चार असा नाही; मराठी माणूस 'पान' म्हणताना जो स्वच्छ, हवा न सोडणारा 'प' उच्चारतो, तो कोरियनच्या ताठ 'प्प'ला बराच जवळचा आहे. 'फ' हा ओठ मिटून उच्चारायचा, 'फळ' या शब्दातला. 'ऑ' ही खूण कोरियन भाषेतल्या एका स्वतंत्र आणि अतिशय महत्त्वाच्या स्वरासाठी वापरली आहे, आणि पुढील विवेचनाचा मोठा भार त्याच स्वरावर आहे.

रंग हे क्रियापद आहे म्हणजे नेमके काय, हे वाक्यात पाहिले की स्पष्ट होते. 'सागवा' म्हणजे सफरचंद. मराठीत 'सफरचंद तांबडे आहे' असे म्हणताना 'आहे' हे क्रियापद वेगळे लागते. कोरियनमध्ये 'सागवागा प्पालगेयो' एवढ्यानेच वाक्य पुरे होते, कारण 'तांबडे असणे' हा सगळा अर्थ 'प्पालगाथा' या धातूतच सामावलेला आहे. 'तांबडे होते' म्हणायचे असल्यास त्याच धातूला भूतकाळाचा प्रत्यय लागून 'प्पालगेस्सॉयो' असे रूप होते, आणि 'तांबडे झाले' म्हणायचे असल्यास बदल दाखवणारे 'जिदा' हे सहायक क्रियापद जोडून 'प्पालगेजॉस्सॉयो' असे म्हणतात. मराठीत 'काळवंडणे' या एका क्रियापदात जी सोय क्वचित सापडते, ती कोरियनमध्ये पाचही रंगांना सरसकट उपलब्ध आहे. नामाच्या आधी येताना धातूला 'न' लागतो : 'प्पालगान सागवा' म्हणजे तांबडे सफरचंद, 'फारान हानुल' म्हणजे निळे आभाळ. येथे लिंग नाही, वचन नाही. तांबडा, तांबडी, तांबडे अशी रूपे जुळवण्याची सवय असलेल्या मराठी जिभेला ही मोठीच सूट आहे. धातूला 'खे' असा उच्चार होणारा प्रत्यय लागला की क्रियाविशेषण मिळते, आणि भिंत 'हायाखे' रंगवली किंवा बर्फ 'हायाखे' पडला अशी वाक्ये सहज तयार होतात.

'प्पालगाथा'चे 'प्पालगेयो' का होते, हा प्रश्न प्रत्येक शिकणाऱ्याला पडतो, आणि पाठ्यपुस्तके त्याला 'ह-कारान्त अनियमित धातू' असे नाव देऊन पुढे सरकतात. खरे तर त्यामागे एक सुबोध इतिहास आहे. कोरियनमधील 'हादा' हे 'करणे, असणे' या अर्थाचे क्रियापद रंगवाचक मुळाला जोडले जाई, आणि काळाच्या ओघात ते झिजून त्याचा फक्त 'ह' उरला. शब्दाच्या मूळ लिखित रूपात हा 'ह' आजही दिसतो. 'दा' या प्रत्ययाशी तो मिसळतो तेव्हा 'था' असा उच्चार होतो, 'न'पुढे तो गळून पडतो, आणि 'हादा'चे रूप जसे 'हेयो' होते, तसाच एकार या पाचही शब्दांत उतरतो : हायेयो, क्कामेयो, प्पालगेयो, फारेयो, नोरेयो. हा धागा हाती लागला की पाठ करण्याजोगे काही फारसे उरत नाही. खुद्द कोरियन लोकही या 'ह'पाशी अडखळतात. 'किती पिवळे आहे हो!' अशा उद्गारवाचक रूपात 'ह' गाळून 'नोराने' म्हणावे असा नियम होता, पण बहुतेक लोक 'ह' राखूनच बोलत, आणि अखेर डिसेंबर 2015 मध्ये राष्ट्रीय कोरियन भाषा संस्थेने दोन्ही रूपे प्रमाण मानली.

आता या शब्दांच्या गाभ्याकडे वळता येईल. कोरियन स्वरांची परंपरेने दोन कुळे मानली जातात. 'आ' आणि 'ओ' हे उजळ किंवा 'यांग' कुळातले, तर 'ऑ' आणि 'ऊ' हे गडद किंवा 'यिन' कुळातले. ही विभागणी आधुनिक भाषाशास्त्रज्ञांची नव्हे. कोरियाचा राजा सेजोंग याच्या कारकिर्दीत 1446 साली नव्या लिपीचे स्पष्टीकरण करणारा जो ग्रंथ सिद्ध झाला, त्यातच स्वरांचे यिन आणि यांग असे वर्गीकरण केलेले आहे. उजळ स्वर हलकेपणा, लहानपणा, स्वच्छपणा सुचवतात; गडद स्वर जडपणा, मोठेपणा, गढूळपणा सुचवतात. रंगशब्दांत हा भेद थेट कामाला लावला जातो : 'आ'च्या जागी 'ऑ' आणि 'ओ'च्या जागी 'ऊ' ठेवला की 'प्पालगाथा'चे 'प्पॉलगॉथा', 'फाराथा'चे 'फॉरॉथा', 'नोराथा'चे 'नुरॉथा', 'हायाथा'चे 'हॉयॉथा' आणि 'क्कामाथा'चे 'क्कॉमॉथा' होते. व्यंजनांचा सांगाडा तोच राहतो, आणि रंगही तोच. पण 'नोरान' हे फूल असते, तर 'नुरॉन' हे दात, जुना कागद, घामाने डागाळलेली कॉलर. 'हायान' हा ताजा बर्फ, आणि 'हॉयॉन' ही कपड्यांवर बसलेली धूळ किंवा रक्त ओसरलेले ओठ. गडद रूप प्रत्येक वेळी निंदेचेच असते असे मात्र नाही, कारण पिकून वाकलेले भाताचे शेतही 'नुरॉन'च असते, आणि तेथे त्या शब्दात भरघोसपणा येतो, मळकेपणा नव्हे.

स्वरांप्रमाणे व्यंजनेही बदलतात. तांबड्या रंगात साधा 'प' आणि ताठ 'प्प' असे दोन पर्याय असल्यामुळे चार शब्दांचा संच तयार होतो. 'पालगाथा' म्हणजे फिकट, नाजूक तांबडा. 'पॉलगॉथा' म्हणजे फिकटच पण जड, दारू किंवा तापाने तापलेल्या चेहऱ्याचा. 'प्पालगाथा' म्हणजे ठसठशीत तांबडा. आणि 'प्पॉलगॉथा' म्हणजे ठसठशीत परंतु काळपट झाक असलेला. काळ्या रंगालाही असाच संच आहे, शिवाय त्यात महाप्राण 'ख'ची आणखी एक जोडी मिळते. निळा, पांढरा आणि पिवळा यांना मात्र व्यंजनाचे हे पर्याय नाहीत, आणि त्याचे कारण ध्वनिव्यवस्थेतच आहे : कोरियनमध्ये 'ह' आणि 'न' यांना ताठ जोडीदार नाही, आणि 'फाराथा'चा 'फ' मुळातच महाप्राण आहे.

यावर आणखी एक थर चढतो तो उपसर्गांचा. उजळ रूपापुढे 'से' आणि गडद रूपापुढे 'शि' लावला की रंग पराकोटीला जातो : 'सेप्पालगाथा' म्हणजे लालभडक, 'शिप्पॉलगॉथा' म्हणजे रक्तासारखा किंवा आगीच्या लोळासारखा दाट तांबडा, 'सेफाराथा' म्हणजे निळाशार, 'शिफॉरॉथा' म्हणजे मुका मार लागलेल्या जागेचा किंवा नुकत्याच परजलेल्या सुरीच्या पात्याचा निळा. पिवळ्याच्या आरंभी 'न' असल्याने तेथे उपसर्गाला जोड मिळून 'सेन्नोराथा' आणि 'शिन्नुरॉथा' अशी रूपे होतात. एका तांबड्या रंगाला अशा रीतीने किमान सहा शब्द लाभतात, आणि ते सगळे रोजच्या बोलण्यातले आहेत, कोशात पडून राहिलेले नव्हेत.

मराठीत नेमके हेच काम वेगळ्या साधनाने होते. मराठी रंगशब्दाच्या पोटातला स्वर बदलत नाही. मराठी त्याच्या शेपटाला एक ध्वनिमय शब्द जोडते आणि त्यातून रंगाची तीव्रता व त्याविषयीचा भाव एकदमच सांगते. पांढराशुभ्र आणि पांढराफटक यांत पांढरेपणा सारखाच असला तरी पहिला वस्त्राला शोभतो आणि दुसरा घाबरलेल्या चेहऱ्याला. काळेभोर केस कौतुकाचे असतात, काळाकुट्ट अंधार भयाचा. लालचुटूक ओठ आणि लालबुंद डोळे यांची अदलाबदल कोणी मराठी माणूस करणार नाही. कोरियन शिकणाऱ्याने 'सेप्पालगाथा' आणि 'शिप्पॉलगॉथा' यांसाठी 'गडद लाल, अधिक गडद लाल' अशा कोरड्या नोंदी करण्यापेक्षा या मराठी जोड्या मनाशी धराव्यात, कारण कोरियन शब्दांतला फरक मुख्यतः रंगाच्या मापाचा नसून पाहणाऱ्याच्या वृत्तीचा आहे. लालसर, पिवळसर, काळपट, हिरवट, तांबूस या मराठी प्रत्ययांनाही कोरियनमध्ये चोख जोडीदार आहेत. 'पुलगुसुरुमहादा' म्हणजे तांबूस असणे, 'फुरुसुरुमहादा' म्हणजे निळसर असणे. आणि येथेही स्वरांचा खेळ थांबत नाही, कारण 'नोरुसुरुमहादा' हे सुखद पिवळसर आणि 'नुरुसुरुमहादा' हे जरा मळकट पिवळसर. द्विरुक्त शब्द तर विपुल आहेत. तव्यावर खरपूस भाजल्या जाणाऱ्या पदार्थाला 'नोरुन्नोरुत' म्हणतात आणि कोरियन पाककृतींत हा शब्द पदोपदी भेटतो. शरद ऋतूत डोंगरावर तांबडी-पिवळी पाने मिसळतात त्याला 'उलगुत-पुलगुत', तर रागाने क्षणात तांबड्या आणि क्षणात निळ्या पडणाऱ्या चेहऱ्याला 'पुलगुराक-फुरुराक' असा शब्द आहे.

वरच्या शब्दांत 'पुलगु-' आणि 'फुरु-' ही मुळे दिसली, ती दुसऱ्या एका, अधिक जुन्या पातळीवरची आहेत. पाचही रंगांना असा एक जुना धातू आहे : पांढऱ्याला 'हिदा', काळ्याला 'कॉम्त्ता', तांबड्याला 'पुक्त्ता' (नामापूर्वी 'पुलगुन'), निळ्याला 'फुरुदा' आणि पिवळ्याला 'नुरुदा'. यांपैकी तीन शब्दांचा उगम निसर्गातील वस्तूंशी जोडला जातो. पंधराव्या शतकातील लेखनात आग आणि तांबडा, गवत आणि निळा-हिरवा, सूर्य आणि पांढरा या जोड्यांतील शब्द एकाच स्वराने लिहिलेले आढळतात, हा त्याचा मुख्य आधार आहे. नवी रूपे डोळ्यांना दिसणाऱ्या रंगाविषयी बोलतात, तर जुनी रूपे अधिक गंभीर, साहित्यिक आणि प्रतीकात्मक आहेत. खेळणे, पेन, टोपी 'प्पालगान' असते. मावळता सूर्य 'पुलगुन' असतो. 2002 साली दक्षिण कोरियाने जपानसह फुटबॉलचा विश्वचषक भरवला, तेव्हा लाल सदऱ्यांनी रस्ते भरून टाकणाऱ्या पाठीराख्यांचे नाव 'पुलगुन आंगमा', म्हणजे लाल सैतान, असे होते. 'प्पालगाथा'पासून झालेला 'प्पालगेंगी' हा शब्द तेथे साम्यवाद्यांना हिणवण्यासाठी वापरला गेला, आणि युद्ध व फाळणी सोसलेल्या त्या समाजात त्याने कित्येकांची आयुष्ये उद्ध्वस्त केली. शिकणाऱ्याने तो गमतीनेही तोंडी आणू नये. जिवंत माणसाचे नाव तांबड्या शाईने लिहिणे अशुभ मानतात, हेही येथेच नोंदवलेले बरे.

पांढऱ्याच्या दोन शब्दांतील अंतर सर्वांत सूक्ष्म आहे, आणि ते एका थोर लेखिकेने उलगडले आहे. 2024 सालच्या साहित्याच्या नोबेल पारितोषिकाच्या मानकरी हान कांग यांचे 'हिन' हे पुस्तक 2016 साली प्रसिद्ध झाले, आणि त्याचे शीर्षक 'हायान' नसून 'हिन' का आहे, याविषयी त्यांनी स्वतः लिहिले आहे. त्यांच्या मते 'हायान' हा नुसता स्वच्छ, गोड पांढरा आहे, तर 'हिन' या शब्दात जीवन आणि मरण दोन्ही एकत्र भरून राहिलेले आहेत. कोरियात पांढरे वस्त्र हे सामान्य जनांचे रोजचे वस्त्र होते आणि सुतकाचेही, हे ध्यानात घेतले की त्यांचे म्हणणे पटते.

निळ्याचा प्रश्न वेगळा आहे, कारण 'फुरुदा' हा शब्द आभाळाला, समुद्राला, डोंगराला आणि गवताला सारखाच लागतो. निळा आणि हिरवा यांना एकाच शब्दात धरणाऱ्या भाषा जगात पुष्कळ आहेत. ब्रेंट बर्लिन आणि पॉल के यांनी 1969 साली मूलभूत रंगशब्दांवर जो गाजलेला ग्रंथ लिहिला, त्यापासून या विषयाचा पद्धतशीर अभ्यास होत आला आहे. पांढरा, काळा, तांबडा, पिवळा आणि निळा-हिरवा असा पाच शब्दांचा संच अनेक असंबद्ध भाषांत आढळतो, त्यामुळे कोरियनचे पाच शब्द 'ओबांगसेक' या पंचरंगांच्या तत्त्वज्ञानातून निघाले असे समजण्याचे कारण नाही. त्या तत्त्वज्ञानाने आयते असलेले रंग दिशांना वाटून दिले, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल. पूर्वेला निळा, पश्चिमेला पांढरा, दक्षिणेला तांबडा, उत्तरेला काळा आणि मध्याला पिवळा ही ती वाटणी आहे. कोगुर्यो राजवटीच्या थडग्यांतील भित्तिचित्रांत पूर्वेच्या भिंतीवर निळा ड्रॅगन आणि पश्चिमेच्या भिंतीवर पांढरा वाघ दिसतो, तो याच वाटणीमुळे. आणि मंदिरांच्या तुळयांवरील रंगकामात, मुलांच्या सणाच्या पोशाखाच्या पट्टेरी बाह्यांत तीच परंपरा पुढे चालत आली आहे.

आज हिरव्यासाठी 'छोरोक' आणि 'नोक्सेक' हे चिनी मुळाचे शब्द रुळलेले आहेत आणि बोलण्यात निळा-हिरवा यांचा गोंधळ होत नाही. तरीही वाहतुकीच्या दिव्याला सरकारी नियमावली 'हिरवा' म्हणते आणि लोक 'फारानबुल', म्हणजे निळा दिवा, म्हणतात. शुभसूचक घडामोडीला वर्तमानपत्रांत 'छॉंगशिन्हो', म्हणजे निळा संकेत, असे लिहितात. तारुण्याला 'छॉंगछुन', म्हणजे निळा वसंत, असे नाव आहे. आणि 1960 साली राष्ट्राध्यक्ष युन पो-सॉन यांनी राष्ट्राध्यक्षांच्या निवासाला निळ्या कौलांवरून 'छॉंगवादे' हे नाव दिले. दुसरीकडे कोरियनमध्ये हिरव्याच्या आत अशी एक रेघ आहे जी इंग्रजीत नाही : 'यॉन्दु' हा पोपटी आणि 'छोरोक' हा गर्द हिरवा, हे दोन तेथे स्वतंत्र रंग मानले जातात. रॉबर्सन, पाक आणि हॅन्ली यांनी 2008 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत या सीमेच्या दोन बाजूंच्या छटा वेगळ्या ओळखणे कोरियन भाषकांना सीमेच्या एकाच बाजूच्या छटांपेक्षा सोपे गेले, आणि इंग्रजी भाषकांत असा परिणाम दिसला नाही.

वाक्प्रचारांत रंग येतात तेव्हा स्वर आणि उपसर्ग दोन्ही ठरलेले असतात, ते बदलून चालत नाहीत. धादांत खोट्याला 'सेप्पालगान कॉजिन्माल' म्हणतात, आणि येथे साधे 'प्पालगान' म्हटले तर बोलणे अडखळलेले वाटते. साफ विसरून जाण्याला 'क्कामाखे', म्हणजे काळेकुट्ट, विसरणे म्हणतात. भुकेने किंवा धक्क्याने भोवळ येते तेव्हा आभाळ पिवळे होते. ज्याच्याकडून काही आशा नाही त्याचा कोंबच पिवळा असतो. आणि वडीलधाऱ्यांपुढे उद्धटपणे बोलणाऱ्या पोराला 'सेफारान' म्हटले जाते, त्यात निळ्यापेक्षा कोवळेपणाचा, अननुभवाचा अर्थ आहे.

पाचांपलीकडचे रंग मात्र नामे आहेत, आणि तेथे व्याकरण एकदम साधे होते. 'सेक' म्हणजे रंग. तो वस्तूच्या नावाला जोडला की काम भागते : आभाळाचा 'हानुलसेक', तपकिरीसाठी चेस्टनटचा 'पामसेक', राखेचा 'ह्वेसेक'. राखाडी, जांभळा, नारिंगी, डाळिंबी, मोरपंखी म्हणणाऱ्या मराठी माणसाला ही रीत परकी नाही. जांभळ्यासाठीचा 'पोरा' हा शब्द मंगोलांच्या काळात ससाण्याच्या नावावरून आला असे मानले जाते. या शब्दांना क्रियापदाची रूपे नसल्याने 'छोरोक'ला थेट 'न' किंवा 'यो' लावण्याची चूक टाळली पाहिजे. 'छोरोकसेक ओत' म्हणजे हिरवा कपडा, आणि 'आहे' म्हणायला 'छोरोकसेगियेयो' असे 'इदा' हे जोडक्रियापद लागते. मूळचे पाच रंगही हवे तेव्हा 'प्पालगानसेक' अशा नामरूपात येऊ शकतात, आणि दुकानात वस्तू निवडताना लोक तसेच बोलतात.

रंगपेटीतील एका नावाची हकिगत या भागात महत्त्वाची आहे. फिकट नारिंगी रंगाला कोरियात पूर्वी 'साल्सेक', म्हणजे त्वचेचा रंग, म्हणत आणि राष्ट्रीय मानकांतही हेच नाव होते. जणू सगळ्या माणसांची त्वचा त्याच रंगाची असते, हे गृहीतच भेदभावाचे आहे, अशी तक्रार 2001 साली राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाकडे दाखल झाली. आयोगाने ती उचलून धरली आणि 2002 साली 'यॉन्जुह्वांग' हे नाव ठरले. त्यावर शाळकरी मुलांनी हरकत घेतली, की हा अवघड चिनी शब्द मुलांना कळत नाही, रंगपेटी तर मुलांच्याच हातातली वस्तू आहे. त्यांचे म्हणणे मान्य होऊन 2005 साली 'साल्गुसेक', म्हणजे जर्दाळूचा रंग, हे नाव ठरवण्यात आले. जुन्या पुस्तकांत आणि वयस्कर माणसांच्या बोलण्यात 'साल्सेक' अजून भेटतो. शिकणाऱ्याने तो ओळखावा, पण स्वतः बोलताना 'साल्गुसेक' म्हणावे.